वरनं हाक कोण मारतंय?

"तुमच्या गोष्टीत वरनं हाक कोण मारतंय?"

आज सांगलीजवळच्या हरिपुरात एका म्हाताऱ्या हमालमामांनी हे विचारलं आणि माझं लिहिणं तिथंच थांबलं.

नव्या रहस्यकथेतला खून हळदीच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात करायचा होता. म्हणून विचारलं, बंद पेवात माणूस किती वेळ टिकतो?

मामा आधी गप्पच. मग सांगू लागले. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. तोंड काही तास उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. विझला, तर आत हवा नाही. उतरलेल्याच्या कमरेला दोर, आणि वरचा गडी सारखा नावानं हाका मारणार. "ओ आली न्हाई की वढायचं!"

बोलताना त्यांच्या मुठी दोर धरल्यासारख्या आवळल्या होत्या. २००५च्या महापुरानं इथली बरीच पेवं निकामी केली, तरी ती पकड तशीच आहे.

किती वर्षं लिहितोय. माणूस कशानं मेला, किती मिनिटांत मेला, सगळं नीट तपासून लिहितो. त्याची वाट बघणारं कोण होतं, हे एकाही कथेत नाही.

रात्री वहीतल्या त्या मेलेल्या माणसाला नाव दिलं. आता त्याला हाक कुणाची घालू? आईची की बायकोची?