एमपीआय : योक लावायचा की बेंचवर घ्यायचं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत असो वा गोकुळ शिरगावात, एमपीआय (लोखंडी जॉबला, म्हणजे तपासायच्या भागाला, चुंबक करून पावडरनं क्रॅक शोधणं) म्हटलं की आधी हाताशी असलेला योक (दोन पायांचा हातातला विद्युतचुंबक) उचलला जातो. बेंच म्हणजे जॉब बसवून तपासायचं जागेवरचं मशीन. आधी बघायचं ते हे की, क्रॅक कुठल्या दिशेनं पडायची शक्यता आहे. चुंबकीय रेषा क्रॅकला आडव्या गेल्या तरच पावडर धरते. क्रॅक रेषांना समांतर असेल तर ती डोळ्यासमोर असूनही दिसत नाही.

५० मिमी व्यासाचा, ४०० मिमी लांब ग्राइंड केलेला शाफ्ट घ्या. ग्राइंडिंग क्रॅक बहुतेक लांबीच्या दिशेनं पडतात, त्यासाठी बेंचवरचा हेडशॉट, म्हणजे जॉब दोन टोकांना धरून करंट त्याच्यातूनच सोडायचा. व्यासाच्या दर मिमीला १२ ते ३२ अँपिअर, म्हणजे इथं ६०० ते १६००. फिलेटमधली (व्यास बदलतो तिथल्या गोलाईतली) आडवी क्रॅक मात्र कॉइल शॉटलाच सापडते, म्हणजे करंट जॉबभोवतीच्या कॉइलमधून सोडल्यावर. ४५००० भागिले लांबी-व्यासाचं गुणोत्तर (इथं ८) म्हणजे ५६२५ अँपिअर-टर्न (करंट गुणिले वेढे). पाच वेढ्यांच्या कॉइलला ११२५ अँपिअर. जॉब कॉइलच्या मधोमध नाही, आतल्या कडेला टेकवून ठेवायचा. हे सूत्र जॉब असा ठेवला तरच लागू पडतं. ३०० मिमी व्यासाची कॉइल दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे मिमीच झेपवते. ४०० मिमीला दोन शॉट लागणारच.

अशा जॉबला ओला फ्लुरोसेंट बाथ, म्हणजे यूव्ही दिव्याखाली चमकणारी पावडर मिसळलेलं पाणी किंवा तेल. बाथचा पाइप शॉटच्या क्षणी बंद हवा. करंट थांबल्यावरही धार चालू राहिली तर क्रॅकवर जमलेली पावडर धुऊन जाते आणि जॉब 'ओके' निघतो! सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

रोज सकाळी १०० मिली बाथ सेटलिंग ट्यूबमध्ये ठेवा. पाण्याच्या बाथला अर्धा तास, तेलाच्या बाथला तास. तळाशी ०.१ ते ०.४ मिली गाळ हवा. कमी असेल तर क्रॅक फिकी, जास्त असेल तर सगळा जॉबच हिरवा. गाळात वाळू-ग्राइंडिंगच्या धुळीचा थर ३० टक्क्यांवर गेला की बाथ बदला. पाण्याच्या बाथमध्ये गंजरोधक घालाच; कोल्हापूरच्या पावसाळ्यात मशीन केलेला जॉब गंजायला वेळ लागत नाही. यूव्ही दिवा जॉबवर किमान १००० मायक्रोवॅट प्रति चौ. सेमी, बूथमध्ये उजेड २० लक्सच्या आत. उन्हात काळा पडणारा चष्मा घालून आत बसायचं नाही.

फौंड्रीतून आलेलं खडबडीत कास्टिंग हा वेगळा मामला. ओली पावडर खाचखळग्यांत अडकते. तिथं कोरडी पावडर आणि हाफवेव्ह डीसी (एसीची एकच बाजू घेतलेला करंट) बरी. पृष्ठभागाच्या जरा खालचा दोषही मिळतो. एसी फक्त वरवरचं दाखवते. प्रॉड (जॉबला टेकवून करंट सोडायच्या दोन कांड्या) मशीन केलेल्या किंवा हार्ड केलेल्या जॉबला लावूच नका. ठिणगी पडली की तिथंच नवी क्रॅक सुरू होते.

योक वाईट नाही. वेल्डसाठी, मोठ्या जॉबवर जागच्या जागी, तोच सोयीचा. एसी योकनं ४.५ किलो वजन उचललं पाहिजे, डीसीनं १८. आणि प्रत्येक जागी ९० अंशांत फिरवून दुसऱ्यांदा लावायचा.

डीमॅगला, म्हणजे तपासणीनंतर जॉबमधलं चुंबकत्व काढायला, एक खोच आहे. हेडशॉटचं चुंबकत्व जॉबच्या आतच गोल फिरत राहतं, गॉसमीटरला (चुंबकत्व मोजायच्या मीटरला) ते दिसत नाही. म्हणून शेवटचा शॉट कॉइलचा ठेवा आणि मग एसी कॉइलमधून जॉब सावकाश दीड मीटरभर बाहेर ओढा. ३ गॉसच्या खाली आलं नाही, तर पुन्हा.