आज दिवसभर फोर टॉप्स

सकाळी माळा आवरायला काढला आणि सोबतीला फोर टॉप्स या चार अमेरिकन गायकांच्या ग्रुपची गाजलेली गाणी लावली. माळा अजून तसाच आहे.

त्यांचा मुख्य गायक लीव्हाय स्टब्ज. त्याचा आवाज मुळात बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या पट्टीचा. पण त्यांची गाणी करणारं हॉलंड-डोझियर-हॉलंड हे त्रिकूट मुद्दाम पट्टी वरची धरायचं. मग वरच्या सुरांवर हा गडी गातो कुठे, हाकाच मारतो! १९६६ चं 'रीच आउट आय विल बी देअर' ऐका. आधी ती बारीक बासरी, घोड्याच्या टापांसारखा ठेका, आणि मग जीव तोडून कुणाला तरी बोलावणं. अमेरिका आणि ब्रिटन, दोन्हीकडे हे पहिल्या नंबरावर गेलं होतं. मी सलग सहा वेळा ऐकलं. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली, असो.

पण अडकलो ते वेगळ्याच गोष्टीत. डेट्रॉइटची ही चार पोरं १९५३ मध्ये एकत्र आली आणि १९९७ मध्ये त्यांच्यातला लॉरेन्स पेटन वारला तोवर तेच चौघे. ४४ वर्षं! आमचा कॉलेजचा ऑर्केस्ट्रा दुसऱ्या गॅदरिंगआधीच फुटला होता, तोही गिटारच्या एका वायरीवरून.