पुढचा पंप बंदच आहे असं धरून निघा

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रविवारी मी आणि माझा मावसभाऊ पहाटे साडेपाचला आपापल्या बाईकवर नाशिकच्या म्हसरूळवरून निघालो. दिंडोरी, वणी, बोरगाव, हातगडाच्या पायथ्यावरून सापुतारा, तिथून खाली वघईला जाऊन गिरा धबधबा बघायचा आणि अंधार पडायच्या आत नाशिकला घरी, असा साधा प्लॅन. जाऊन येऊन अडीचशेच्या वर किलोमीटर. पेट्रोलचा विषय निघालाच नव्हता असं नाही, वणीत पंप दिसला तेव्हा तो म्हणाला पण होता की दादा टाकून घ्यायचं का, पण पंपावर सप्तशृंगी गडाला जाणाऱ्या गाड्यांची ही मोठी रांग, वरून पाऊस, आणि मी म्हटलं अरे अजून रिझर्व्ह पण लागली नाहीये माझी, पुढे टाकू कुठेतरी.

सापुतारा सोडून वघईच्या दिशेने जंगलात बरंच आत गेल्यावर गाडीने दोन झटके दिले. ओळखीचे झटके. सवयीने डावा हात खाली कॉकवर, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीवर गेला, चालत्या गाडीवरच फिरवायला, आणि कॉक आधीच रिझर्व्हवर होता.

झालं असं होतं की गुरुवारी गंगापूर रोडला रिझर्व्ह लागली, मी कॉक फिरवला, घाईत दोनशेचं पेट्रोल टाकलं आणि कॉक परत मेनवर आणायचा राहून गेला. म्हणजे रविवारी मी ज्या "अजून रिझर्व्ह लागली नाही"च्या भरवशावर वणीचा पंप सोडला, ती रिझर्व्ह लागणारच नव्हती, ती मी आधीच पीत होतो.

नव्या पोरांनी कॉक बघितलेलाच नाही म्हणून सांगतो. रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नसते. टाकीत आतून एक छोटी नळी उभी असते, मेनवर असताना पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून येतं, पातळी त्याच्या खाली गेली की पुरवठा तुटतो, गाडी झटके देते, तुम्ही रिझर्व्ह केलं की तळाजवळचं दुसरं भोक उघडतं. बस एवढंच. त्यामुळे कॉक रिझर्व्हवर राहिला तर गाडी काहीही इशारा न देता सरळ तळापर्यंत जाते आणि वर टाकीच्या तळाला साचलेलं पाणी, गंज, कचरा पण कार्बोरेटरमध्ये (जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) ओढते. पेट्रोल भरल्यावर झाकण लावायच्या आधी कॉक मेनवर, हे आता माझ्या हाताला इतकं बसलंय की झोपेत पण करीन.

बरं, भावाची गाडी सोबत होती, नवी, टाकी जवळजवळ फुल. तुम्ही म्हणाल मग त्यातलं काढायचं. तेच तर निघत नाही! माझ्या जुन्या गाडीचं कसं, कार्बोरेटरला लावलेली नळी उपसली, बाटली खाली धरली, कॉक फिरवला की पेट्रोल. एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स, म्हणजे धुराचे नवे कडक नियम आल्यावर कंपन्यांच्या पेट्रोल गाड्या बहुतेक सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या) झाल्या, त्यांना कॉक नाही, पंप टाकीच्या आत, लाईन प्रेशरची, ती रस्त्यावर उपसायच्या भानगडीत पडायचं नाही. म्हणजे शेजारी दहा लिटर पेट्रोल उभं आणि आम्ही पावसात कोरडे. ग्रुपमध्ये सगळ्यांच्या गाड्या नव्या असतील तर "कमी पडलं तर एकमेकांचं काढू" हे डोक्यातून काढून टाका.

भाऊ म्हणाला पाय लावून ढकलतो. मी नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणेन. सपाट रोडला ठीक आहे, पण ओल्या वळणावर मागच्या गाडीवाल्याचा एक पाय पुढच्याच्या फूटरेस्टवर, हे दोघांनाही घेऊन पडायचं काम आहे.

तेवढ्यात छत्री घेऊन गुरांमागे एक बाबा आले. त्यांनी काही न विचारता टाकीवर थाप मारून बघितली आणि म्हणाले, आडवी कर, कॉकच्या अंगाला. बाईकची टाकी खालून घोड्याच्या खोगिरासारखी असते, मधून फ्रेम जाते, त्यामुळे पेट्रोल अगदी तळाला गेलं की दोन भाग होतात, कॉक एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूचं पेट्रोल तिथेच अडकून बसतं. आम्ही दोघांनी धरून गाडी डाव्या अंगाला चांगली कलती केली, आतून बुळबुळ आवाज आला, सरळ केली, चोक दिला, चौथ्या किकला चालू! तेवढ्यावर दोन-अडीच किलोमीटर, बराचसा उतार, एका पाड्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचलो. दुकानदाराकडे बाटलीतलं पेट्रोल होतं, नरसाळं नव्हतं, त्याने समोरचं सागाचं पान तोडून त्याचा कोन केला आणि त्यातून एक थेंब न सांडता टाकीत ओतलं. भाव पंपापेक्षा जास्त होता, मी आनंदाने दिला, आणि आजही मला तो माणूस आणि ते बाबा देवासारखे वाटतात.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून चालतो, पुढचा पंप बंद आहे. मॅपवर दिसत असला तरी बंद आहे. लाईट गेलेली असते, टँकर आलेला नसतो, फक्त डिझेल असतं, किंवा मॅपवरचा पंप कधीचा उठून गेलेला असतो. आणि नाशिककरांना तर हे सांगायलाच नको. आपल्याकडच्या पंपांचं पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरने येतं, १ जानेवारी २०२४ ला टँकर ड्रायव्हर संपावर गेले तर दोन दिवसांत शहरात पंपांवर कसल्या रांगा लागल्या होत्या आठवतंय ना. शहरात ही गत, तर पेठ, सुरगाणा, मोखाडा साईडला एखाद्या पंपाचं पेट्रोल संपणं काय अवघड आहे.

म्हणून अर्धी टाकी झाली की भरायची. काटा खाली यायची, दिवा लागायची वाट बघायची नाही. काट्याचं तर मी ऐकतच नाही, आत तरंगणारा फ्लोट असतो तो, साईड स्टँडवर वेगळं दाखवतो, चढाला वेगळं, उताराला वेगळं. नव्या गाड्यांत अजून इतके किलोमीटर जाईल असा आकडा येतो, तो मागच्या थोड्या अंतराच्या ॲव्हरेजवरून काढलेला असतो, म्हणजे हायवेवर साठच्या स्पीडने आलात तर मस्त आकडा दाखवणार आणि घाट चालू झाला की तोच आकडा भराभर पडणार.

मी भरवसा ठेवतो ट्रिप मीटरवर आणि वहीवर. टाकी फुल केली की ट्रिप झिरो, पुढच्या वेळी परत तेवढ्याच लेव्हलपर्यंत फुल, किती लिटर बसलं त्याने किलोमीटरला भागायचं, हे पाच-सहा वेळा केलं की तुमच्या गाडीचा, तुमच्या हाताचा खरा ॲव्हरेज कळतो, शोरूममध्ये सांगतात तो नाही. आणि तो सुद्धा एकच नसतो. एकटा असताना ५५-६० ला चालवली तर ४५ देणारी गाडी डबलसीट, सामान आणि ९० चा स्पीड म्हटलं की ३५-३६ वर येते, कारण स्पीड दुप्पट झाला तर हवेचा अडथळा चौपट होतो. टायरात हवा कमी असेल तर अजून खाली. E20, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा पण थोडा फरक आहे, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे पाच-सात वर्षांपूर्वीचा वहीतला आकडा आज धरू नका.

माझा हिशोब असा, १२ लिटरची टाकी असेल तर २ लिटर नाहीतच समजायचे, उरलेल्या १० ला सगळ्यात वाईट ॲव्हरेज ३५ लावायचा, म्हणजे ३५० ला गाडी बंद पडणार असं धरायचं, आणि ट्रिप मीटर १७५ च्या आसपास आला की जो पंप दिसेल त्यावर थांबायचं, रांग असली तरी. दहा मिनिटं जातात, जाऊ द्या.

लेहला गेलो होतो तेव्हा हाच हिशोब कामाला आला. मनालीहून जाताना टांडीच्या पंपावर तो प्रसिद्ध बोर्ड होता, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. माझी टाकी १५ लिटरची, उंचीवर हवा विरळ म्हणून कार्बोरेटरवाली गाडी जास्त पेट्रोल खाणार हे धरून मी ३५ च लावला, ५२५ आले, २ लिटर सोडले तरी ४५५, मला कॅनची गरज नव्हती. सोबतच्या मित्राची बुलेट, टाकी १३ लिटर, सामानासकट ॲव्हरेज २८, २ लिटर न सोडता सुद्धा गुणाकार करून बघा, ३६४. एक किलोमीटर कमी! त्याने पाच लिटरचा कॅन बांधला आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. कॅन लोखंडी किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला घ्यायचा, सायलेन्सरपासून लांब बांधायचा, पाण्याच्या बाटलीत भरून बॅगेत टाकायचं नाही, उन्हात ती फुगते, वास मारते, गळते. (आणि गाडी रेल्वेने पार्सल करणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, म्हणून उतरल्यावर स्टेशनपासून जवळचा पंप कुठे हे आधीच बघून ठेवा, ढकलत जावं लागतं.)

अजून दोन गोष्टी ज्यावरून माझं नेहमी भांडण होतं. एक, कसारा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं किंवा बंद करणं. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर पूर्ण सोडला की पेट्रोलचा फवाराच बंद होतो, म्हणजे गिअरमध्ये उतरताना पेट्रोल लागतच नाही आणि न्यूट्रलला उलट आयडलिंगचं लागतं, वरून इंजिनचा ब्रेक गेला तो वेगळाच. दोन, इंजेक्शनची गाडी कोरडी होईपर्यंत चालवणं. टाकीतला पंप त्या पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो, कोरडा फिरला तर खराब होतो आणि तो बदलायचा खर्च अनेक टाक्या फुल करण्याइतका आहे.

आणि गाडी बंद पडली म्हणजे पेट्रोलच संपलं असंही नाही. टाकीच्या झाकणात हवेचं बारीक भोक असतं, पावसात चिखलाने ते बुजलं की आत व्हॅक्यूम होतो, पेट्रोल उतरत नाही, गाडी अगदी तसेच झटके देते. झाकण उघडा, फुस्स आवाज आला आणि गाडी चालू झाली तर भोक साफ करा.

येत्या रविवारी त्र्यंबक, मोखाडा करत जव्हारला चाललोय. टाकी सातपूरलाच फुल करणार, आणि भावाने माझी जुनी गाडी मागितलीये चालवायला, त्याला शनिवारी रात्री फोन करून सांगणार आहे, झोपायच्या आधी पार्किंगमध्ये जाऊन कॉक बघून ये.