पाचवा शनिवार

मी कराडमध्ये कर सल्लागार आहे. 30 मे 2025, शुक्रवार. ऑफिस बंद करायच्या वेळेला एसी-फ्रीज दुरुस्त करणारे एक दादा आले. कंपनीतली नोकरी महिन्यापूर्वी सुटली होती, आता स्वतःचं काम. कुणा एजंटाने ‘जीएसटी नंबर काढावाच लागतो’ म्हणून सहा हजार सांगितले होते. चुलतभावाकडून उसने आणलेले ते पैसे घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलेले.

अशा माणसांकडून कुणी पैसे उकळले की माझा जीव जळतो. वर्षाला पाच-सहा लाखांचं काम करणाऱ्याला जीएसटी कशाला? सेवा देणाऱ्याला मर्यादा 20 लाखांची आहे. एकदा नंबर घेतला की काम असो-नसो रिटर्न भरायचं, चुकलं की लेट फी. ‘उद्यम’ची, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी फुकट असते, ती मोबाइलवर आलेल्या ओटीपीवर लगेच झाली. त्यांना खरा हवा होता तो व्यवसाय कराचा पीटीईसी नंबर. धंदा सुरू झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा आणि वर्षाला 2,500 रुपये भरायचे.

अर्जात जन्मतारीख टाकताना मी थांबले. 01/06/1985.

“दादा, परवा चाळीस पूर्ण होतायत तुम्हाला.”

“कागदावर हो. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लावली. आई म्हणते, मी दिवाळीतला.”

एक जूनवाले आमच्याकडे घरोघरी सापडतात. पण साठीनंतर दरमहा पेन्शन देणारी सरकारची अटल पेन्शन योजना कागदावरचंच वय धरते आणि प्रवेश 39 वर्षं 364 दिवसांपर्यंतच. म्हणजे उद्या शेवटचा दिवस! नोकरीत पीएफ आपोआप कापला जायचा, कंपनीही तिचा वाटा भरायची. आता भरणारे हे एकटेच. आयकर कधी भरावा लागला होता का, तेवढं विचारून घेतलं, कारण ऑक्टोबर 2022पासून करदात्यांना या योजनेत घेत नाहीत. कधीच नव्हता.

उद्या शनिवार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. चौथा शनिवार 24 तारखेला होऊन गेला, हा पाचवा. बँक चालू!

सकाळी दहाला आम्ही दोघं काउंटरवर. “सोमवारी या ना, आज गर्दी आहे,” असं उत्तर मिळालं. मी काही न बोलता आधार कार्ड पुढे सरकवलं आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं. त्या बाईंनी एकदा तारखेकडे पाहिलं, एकदा दादांकडे, आणि खणातून फॉर्म काढला.

महिना 3,000च्या पेन्शनसाठी त्यांच्या वयाला हप्ता 792 रुपये. दादा आकड्याकडे बघत राहिले.

“ताई, माझ्या माघारी काय?”

“साठीनंतर तुम्हाला जेवढी, तेवढीच वहिनींना. दोघांच्या माघारी मुलीला 5 लाख 10 हजार.”

मग त्यांनी बायकोचं आणि मुलीचं नाव सावकाश, आधारवर होतं तसंच, एकेक अक्षर जुळवून लिहिलं. खिशातल्या नोटांतून आठशे मोजून खात्यात भरले, 2,500 व्यवसाय करासाठी बाजूला काढले, उरलेले भावाला परत द्यायला पुन्हा घडी करून ठेवले. बँकेच्या पायऱ्या उतरताना मोबाइल वाजला. 792 कापल्याचा मेसेज त्यांनी मला वाचून दाखवला, मग आईला फोन लावला.