तुम्ही विचारलंत म्हणून : अनाथाश्रमात वाढलेल्या आजीचे कागद

‘आमची आजी सिस्टरांच्या अनाथाश्रमात वाढली. तिचं गाव, तिचे आईवडील कळतील का?’ कोल्हापूर-इचलकरंजीकडून हा प्रश्न आम्हाला सारखा येतो. पुष्कळदा काही ना काही कळतं; मात्र सगळे कागद आश्रमातच असतील असं धरून चालू नका.

आधी संस्था कॅथलिकच होती ना, याची खात्री करा. कोल्हापुरातलं जुनं मिशन प्रॉटेस्टंट. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले आणि पुढे ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियनांनी चालवलं. घरात नुसतं ‘मिशनात वाढली’ म्हणत असतील तर आजीची पेटी उघडून बघा. जपमाळ किंवा संतांचं पदक निघालं तर बहुधा कॅथलिक.

मग बाप्तिस्म्याची वही. ज्या चर्चच्या हद्दीत आश्रम होता, तिथे ती असते. जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख, आईवडील, धर्ममातापिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारे), बाप्तिस्मा देणारे फादर एवढं तरी तिच्यात असायला हवं. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये आहेत. ‘इग्नोतिस’ दिसलं की आईवडील अज्ञात. ‘सुब कोन्दित्सिओने’ म्हणजे आधी बाप्तिस्मा झाला होता की नाही हे न कळल्याने तो सशर्त दिला. मेरी, तेरेजा, अना ही नावं पानोपानी येतात, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका. तारीख आणि धर्ममाता जुळवून पाहा.

या वहीत सगळ्यात मोलाचा असतो तो समास. १९०८ पासून नियम आहे की मुलीचं लग्न कुठल्याही चर्चमध्ये झालं तरी तिथल्या फादरांनी बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं आणि ते तिच्या मूळ नोंदीशेजारी लिहायचं. आश्रमातून लांब दिलेल्या मुलीचा माग त्यामुळे राहतो. हीच वाट उलटीही चालते : आजीचं लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं हे माहीत असेल, तर तिथल्या कागदांवरून बाप्तिस्म्याचं चर्च सापडतं. समास कोरा असला तर लग्न झालं नाही असं समजू नका; कळवायचं राहून गेलेलं असू शकतं. दाखला मागताना ‘शेऱ्यांसह पूर्ण उतारा’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर छापील नमुन्यात दोन-चार ओळी भरून मिळतात.

पत्र कुणाला घालायचं यात बरेच जण चुकतात. कोल्हापूर जिल्हा २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपांच्या अखत्यारीत आहे. त्याआधी तो पुणे धर्मप्रांतात होता. म्हणून जुन्या पत्रव्यवहारासाठी पुण्यालाही विचारा. सिस्टरांचे कागद मात्र बिशपांकडे नसतात. मठाची रोजनिशी आणि मुलींची प्रवेशवही सिस्टर ज्या संघाच्या (धर्मसंस्थेच्या) असतात त्याच्या मालकीची असते आणि मठ बंद झाला की ती बहुधा प्रांतीय मठात जाते. त्यासाठी आश्रम कुठल्या संघाचा होता हे आधी काढा. उदाहरणार्थ, जीझस अँड मेरी संघ फ्रान्समधल्या लिऑंचा, त्यामुळे तिथल्या जुन्या रोजनिशीत फ्रेंच भेटली तर नवल नाही.

आजी शाळेत गेली असेल तर शाळेचं जनरल रजिस्टर बघाच. जन्मतारीख १ जून असेल तर ती अंदाजाने टाकलेली असण्याची शक्यता मोठी. आश्रमाच्या प्रवेशवहीत पालकाचा रकाना चुकवू नका. आश्रमातल्या सगळ्याच मुलींचे आईवडील वारलेले नव्हते. बाप गेला आणि आईला पोसवेना म्हणूनही मुली ठेवल्या जात. पणजीपर्यंत मागे जाणार असाल तर १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांची वर्षं हाताशी ठेवा.

दत्तकपत्र शोधत बसलेल्यांसाठी : १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी, त्यात बौद्ध, जैन, शीख धरून. ख्रिस्ती कुटुंबाने मूल घेतलं तर १८९० च्या कायद्याने फक्त पालकत्व मिळे. ही अडचण २००० च्या बालन्याय कायद्यानंतर दूर होत गेली. तेव्हा जुन्या प्रकरणात जिल्हा न्यायालयाचा पालकत्वाचा हुकूम शोधा.

दत्तक गेलेली मुलगी स्वतः शोध घेत असेल तर २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे (‘कारा’) तिनेच ऑनलाइन अर्ज करायचा. अठरा पूर्ण नसतील तर दत्तक आईवडिलांसोबत. तिसऱ्या कुणाला ही माहिती मिळत नाही. जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची संमती घेतात, आणि ते तसंच असलं पाहिजे.