सेंत-शापेल: आधी ऊन बघा, मग तिकीट काढा

पॅरिसमधलं सेंत-शापेल, म्हणजे जुन्या राजवाड्याच्या आवारातलं राजाचं चॅपेल (खासगी छोटं चर्च), पाहायचं तर सूर्य कधी कुठे असेल ते आधी बघावं आणि मगच तिकीट काढावं, हे माझं ठाम मत. तिथली सगळी करामत रंगीत काचेची. उंचच उंच पंधरा खिडक्या, त्यातल्या मोठ्या साडेपंधरा मीटरच्या आसपास. मळभातही छान दिसतात म्हणे. दिसत असतीलही, पण व्हिसाचे एवढे सोपस्कार करून गेल्यावर मला ऊनच हवं होतं.

तिकीट ठरावीक वेळेचं असतं आणि म्युझियम पास (अनेक ठिकाणांचं एकत्र तिकीट) असला तरी वेळ वेगळी राखून ठेवावी लागते. बहुतेक जण गर्दी टाळायला सकाळी नऊ गाठतात. आम्ही मे महिन्यात दुपारी एकची वेळ घेतली. वेदीकडे तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला येतो, आणि तेव्हा ऊन नेमकं त्या खिडक्यांवर असतं. पश्चिमेची गोल खिडकी उतरत्या उन्हात बघायची असेल तर मात्र उशिराची वेळ घ्यावी. उन्हाळ्यात सातपर्यंत उघडं असतं.

मेट्रोच्या ४ नंबरच्या लाइनवर सिते स्टेशनला उतरलं की लगेच आलंच. आवारात आजही कोर्ट भरतं, त्यामुळे तपासणी विमानतळासारखी कडक. सासूबाईंच्या पर्समध्ये फळं कापायची सुरी कायम असते. "आई, ती आज हॉटेलवरच राहू द्या," म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग सफरचंद काय दातांनी तोडू?" शेवटी तेच केलं, रांगेत उभ्या उभ्या.

आत शिरल्यावर आधी खालचं चॅपेल लागतं. बुटकं, निळं-सोनेरी, राजवाड्यातल्या नोकरचाकरांसाठी बांधलेलं. तिथे फार रेंगाळू नका. कोपऱ्यातला अरुंद दगडी गोल जिना चढला की वरचं, खुद्द राजाचं चॅपेल. भिंती जवळजवळ नाहीतच. छताचा भार बाहेरच्या दगडी टेकूंवर आणि लपवलेल्या लोखंडी साखळ्यांवर तोललेला आहे. खाली फरशीवर जांभळट उजेड सांडला होता. निळी आणि लाल काच शेजारी शेजारी असल्यामुळे तो रंग येतो.

फ्रान्सचा राजा नववा लुई याने हे बांधलं ते येशूला क्रुसावर चढवताना घातला असं मानल्या जाणाऱ्या काटेरी मुकुटासाठी. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट दुसरा बाल्डविन कर्जात बुडाला होता आणि मुकुट व्हेनिसच्या सावकारांकडे गहाण पडला होता. लुईने मुकुट आणि इतर पवित्र अवशेषांसाठी १,३५,००० लीव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजले असं सांगतात. चॅपेलला मात्र ४०,००० पुरले. १२४८ मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. दागिन्यापेक्षा डबी स्वस्त!

खिडक्यांत बायबलमधले एक हजारावर प्रसंग आहेत. सुरुवात डावीकडच्या पहिल्या खिडकीत, विश्वाच्या उत्पत्तीपासून, आणि वाचायचं खालून वर. भिगवणला पक्षी बघायला घेतलेली दुर्बीण आम्ही मुद्दाम नेली होती. तिच्याशिवाय वरचे प्रसंग म्हणजे नुसते रंगाचे ठिपके. उजवीकडच्या शेवटच्या खिडकीत हे अवशेष पॅरिसला कसे आले त्याची गोष्ट आहे, राजासकट.

काचांपैकी सुमारे दोन तृतीयांश मूळच्या, तेराव्या शतकातल्या. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इथे सरकारी दप्तर ठेवलं होतं. कपाटं लावायला आणि कारकुनांना उजेड मिळावा म्हणून खालची दोनेक मीटर काच काढून टाकली. म्हणजे कथा जिथून सुरू होते नेमकी तीच जागा रिकामी केली! पुढे एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती झाली.

तासाभराने मान अवघडली. भिंतीलगतची बसायची जागा पकडून ठेवा, विशेषतः बरोबर वडीलधारं कोणी असेल तर. आमच्या आई तिथे बसून दुर्बीण सोडायला तयार नव्हत्या. बाहेर पडताना विचारलं, "मुकुट दिसला नाही कुठे?" तो आता इथे नाही, नोत्र दाम या मोठ्या चर्चकडे आहे, २०१९ च्या आगीतून वाचलेला. नोत्र दाम चालत पाच-सात मिनिटांवर, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी ठेवा. आम्ही मधे जेवून घेतलं.