जुनं कार किट आणि नवा फोन: घोडं नेमकं कुठे अडतं

एमएच-१२ पासिंगच्या २००८ ते २०१२ च्या गाड्या पुण्यात अजून बऱ्याच फिरतात, आणि कित्येकींत पॅरट कंपनीचं किंवा तसलंच एखादं ब्लूटूथ किट आहे, म्हणजे हात न लावता गाडीच्या स्पीकरवरून फोनवर बोलायची सोय. फोन बदलला की ते 'चालत नाही', आणि ॲक्सेसरीवाला थेट नवा अँड्रॉइड स्टिरिओ पुढे करतो. त्याला तो विकायचाच असतो. पण फोनचं ब्लूटूथ ५.३ आणि किटचं २.० एवढ्याने कॉल अडत नाही. नव्या फोनमध्ये जुनं क्लासिक ब्लूटूथ असतंच, आणि कॉलसाठी लागणारं हँड्सफ्री प्रोफाइल, म्हणजे एचएफपी, हेही असतं.

आधी पेअरिंगच्या नोंदी बघा. फोनमधून किटचं नाव उडवलं आणि किटमध्ये फोनचं तसंच राहिलं, की किट जुनी 'की' (पेअरिंगचा गुप्त कोड) धरून बसतं आणि कनेक्शन नाकारलं जातं. दोन्हीकडून डिलीट करा. किटची यादी थोड्याच फोनांत भरते आणि तिच्यात जुन्या मालकापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे ठाण मांडून असतात, म्हणून ती पूर्ण रिकामी करा. मग फोन रीस्टार्ट, इग्निशन बंद-चालू आणि नव्याने पेअरिंग. २००७ च्या ब्लूटूथ २.१ पासून सहा आकडे दोन्हीकडे जुळवून बघायची पद्धत आली. त्याआधीचं किट चार आकडी पिन मागतं, बहुधा ०००० किंवा १२३४.

पेअर करताना फोन कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्ट्रीची परवानगी विचारतो. ती टिक घाईत सुटली की किटचं फोनबुक रिकामं. आयफोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत किटच्या नावापुढच्या 'आय' वर ही सोय मिळते. फोनबुक ओढून घेणारं पीबीएपी प्रोफाइलच किटमध्ये नसेल, तर काही किटं अँड्रॉइडवरून ब्लूटूथने पाठवलेली व्हीसीएफ, म्हणजे कॉन्टॅक्टची, फाइल घेतात. आयफोनवरून ते होत नाही. देवनागरीत सेव्ह केलेली नावं जुन्या डिस्प्लेवर चौकोन होऊन येतात. 'आई' आणि 'ऑफिस' निदान रोमन अक्षरांत ठेवा.

आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ दोन सिमचा. कॉलसाठी 'दर वेळी विचारा' असं सेटिंग असेल, तर किटवरून नंबर लावल्यावर फोन स्क्रीनवर सिम विचारत थांबतो. किटला सिमची निवड कळत नाही, तुम्हाला वाटतं किट हँग झालं. एक सिम डीफॉल्ट करा. दुसरा घोळ कॉलिंगवाल्या स्मार्टवॉचचा. तेही हँड्सफ्री म्हणूनच जोडलेलं असतं, त्यामुळे आवाज गाडीत न येता मनगटातून येतो. गाडीत असताना वॉचचं कॉल ऑडिओ बंद ठेवा. व्हॉट्सॲपचा कॉल जुन्या किटवर वाजेलच असं नाही. नाही वाजला, तर कॉलच्या स्क्रीनवर ब्लूटूथ निवडावं लागतं, तेही गाडी बाजूला घेऊन.

एचडी व्हॉइस असूनही गाडीत आवाज जुन्या लँडलाइनसारखा येतो, त्यात बिघाड काही नाही. २०११ च्या एचएफपी १.६ आधीची किटं ८ किलोहर्ट्झवरच बोलतात. १६ किलोहर्ट्झचा आवाज त्यानंतर आला. समोरच्याला शब्द तुटक किंवा पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत असतील, तर मात्र लक्ष घाला. किट आणि फोन दोघंही एको काढायला बसले की असं होतं. किट फोनला 'तुझं बंद कर' सांगतं, पण प्रत्येक फोन ऐकतोच असं नाही. गाडीचा व्हॉल्यूम दोन घरं कमी करा आणि माइक एसीच्या झोतातून हलवून आरशाजवळ न्या. कॉलचा व्हॉल्यूम कॉल चालू असतानाच वाढतो, हे बरेच जण विसरतात.

गाण्याचं नाव दिसत नाही, पुढचं गाणं लागत नाही, ही तक्रार एव्हीआरसीपीची, म्हणजे गाणी नियंत्रित करणाऱ्या प्रोफाइलची. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, एव्हीआरसीपी १.४ किंवा १.३ करा आणि पुन्हा पेअर करा. कॉलशी याचा संबंध नाही.

दर वेळी गाडी बंद केली की किट सगळं विसरत असेल, तर फोनला दोष देऊ नका. स्टिरिओमागच्या आयएसओ कनेक्टरमध्ये ए४ पिनवर कायमचे १२ व्होल्ट आणि ए७ वर इग्निशन असतं. काही गाड्यांत, विशेषतः फोक्सवॅगन गटाच्या, हे उलटं असतं. पॅरटची लाल वायर कायमच्या पुरवठ्याला आणि केशरी इग्निशनला हवी. अदलाबदल झाली असेल तर मीटर लावून सरळ करून घ्या.

सिम ॲक्सेस प्रोफाइलवर चालणारी, म्हणजे फोनचं सिम स्वतः वापरणारी, किटं आयफोनला जोडण्याच्या भानगडीत पडू नका. नोकियाचं वायरवालं क्रेडल तर काढूनच टाका.

ब्लूटूथ किट खरंच गेलं असेल आणि स्टिरिओला ऑक्स (बाहेरचा आवाज घेणारं सॉकेट) असेल, तर पुण्याच्या तपकीर गल्लीत माइकवाला ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो. फोनचा आवाज रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर शहरात डोकेदुखी, ९१.१, ९३.५, ९५, ९८.३, १०१ अशी केंद्रं आधीच आहेत. रिसीव्हरला पॉवर लायटर सॉकेटमधून दिली आणि ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे अल्टरनेटरचा आवाज अर्थिंगच्या वायरींतून स्टिरिओत शिरतो. ऑक्सच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. खात्री करायची तर रिसीव्हर आधी पॉवर बँकेवर चालवा. शिट्टी गेली, तर निदान बरोबर.